मंदावलेले दिवे

अंतरपाट धरला गेला आणि मंगलकार्यालयातील दिवे आपोआप मंदावले. उपस्थितांपैकी कुणा ल्युपसच्या रुग्णाच्या अंगावर प्रकाशाने गांधी उठू लागल्या, की दिव्यांना ते कळे. आता सर्वत्र तसेच दिवे होते.

"ल्युपस कुणाला आहे हो?" वरमाईंनी विचारले.

वधूपिता वासुदेवशास्त्री यांनी लेकीचा, ऋजुताचा, आजार सोयरीक जुळवताना लपवला होता. त्यांनी घाईने धाकट्या बहिणीकडे बोट दाखवले. "आमच्या कमळेला. कमळे, जरा बाहेर बस बघू."

कमळाआत्या ठणठणीत होती. तिने भावाकडे एकदाच पाहिले आणि ती मुकाट्याने बाहेर गेली.

दिवे मंदच राहिले.

शास्त्रीबुवांच्या मुठीतील अक्षता घामाने भिजल्या. तेव्हा ऋजुताने चोळीची बाही सारून दंडावरच्या लाल गांधी दाखवल्या. "आजार मला आहे. आत्या आल्याशिवाय मी माळ घालणार नाही."

"मी थांबतो. बोलवा त्यांना," अंतरपाटापलीकडून वर म्हणाला.

शास्त्रीबुवा स्वतः बाहेर गेले. कमळा पादत्राणांपाशी पायरीवर बसली होती. भावाला पाहताच ती लगबगीने उठली.

"लागलं का रे दादा, लग्न?"

शास्त्रीबुवांना मान वर करता आली नाही.