तळ की माथा

“डेरिव्हेटिव्ह शून्य आलं, म्हणजे आलेखाचा चढ-उतार थांबला, म्हणून हुरळून जाऊ नका. तिथे दरीचा तळ आहे की डोंगराचा माथा, ते पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढून तपासा!” गणिताचे सर रोज कानीकपाळी ओरडायचे. जो तपासणार नाही त्याला एकच शिक्षा होती: “उद्या आईला घेऊन ये.”

एकदा सरांनी स्वतः रचलेलं उदाहरण फळ्यावर घातलं. एक्स एक असताना फंक्शनच्या आलेखाचा तळ येतो आणि तिथे फंक्शनची किंमत उणे दोन असते, तर ‘अ’ आणि ‘ब’ या स्थिरांकांच्या किमती काढा.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. “सर, किमती मिळाल्या. पण त्या घालून तपासलं तर तिथे तळ नाही, माथा येतोय. उदाहरण रचताना तुम्ही तपासलं नव्हतं?”

सरांनी फळ्यावर पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढून पाहिलं. माथाच आला.



दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, ते ऐंशी वर्षांच्या आईचा हात धरूनच.