कोरी टोपी

“बाळाचे तळहात रोज एवढे काळे कसे गं?” शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं. “जरा लक्ष ठेव बाई.”

“अहो, मावशींच्या किल्ल्यांशी खेळतो तो,” म्हणत ढब्बूच्या आईनं विषय झटकून टाकला. काकूंना नाहीतरी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच.

मावशी म्हणजे ढब्बूला दिवसभर सांभाळणाऱ्या बाई. तशी आई स्वतः दुधाची बाटली तीनतीनदा उकळणारी, पण मावशींवर डोळे मिटून विश्वास. संध्याकाळी ढब्बूच्या अंगावर धूळ असे, टोपी मात्र सकाळसारखी कोरी. बाई किती जपतात वस्तू! दुपारी ऑफिसातून ती न चुकता फोन करी. मागे पेटी ऐकू येई. “बागेत बसलोय. कुणीतरी वाजवतंय, छान रमलाय,” मावशी सांगत.

घरी मोबाइलवर गाणं लागलं, की दहा महिन्यांचा ढब्बू तळहात पुढे करी. “उस्तादांना बिदागी हवीय!” नवरा हसून लोटपोट होई.

आज मावशींची सुट्टी, म्हणून लस द्यायला तीच त्याला घेऊन निघाली. स्टेशनखालच्या भुयारी वाटेत शिरली. मुताचा दर्प, भिंतीवर थुंकीचे ओघळ, आणि त्यात कुणीतरी पेटी वाजवत बसलेला. नखं काळी, दाढीत काहीबाही वाळून चिकटलेलं. तो हातावर शिंकला आणि त्याच हातानं पुन्हा सूर धरला. सूर गोड होता, याचीच तिला जास्त शिसारी आली.

तिनं ढब्बूची टोपी कानांवर ओढली, त्याच्या नाकावर रुमाल धरला. ढब्बू रुमाल झटकून उसळला, खिदळला आणि त्यानं तळहात पुढे केला. जाता जाता कुणीतरी त्यावर नाणं ठेवलं.

“शी! टाक ते!” तिनं नाणं भिरकावलं. तळहात लाल होईस्तोवर पुसला. मग पेटीवाल्यावर डाफरली, “लाज नाही वाटत? घाण करून ठेवलीय नुसती!”

पेटी न थांबवता त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“नव्या दिसताय. रोजच्या बाई नाही आल्या?” ढब्बूकडे बघून तो मायेनं हसला. “आधी ती टोपी काढून ठेवा. चांगली टोपी दिसली की फारसं कुणी पैसे देत नाही.”

तुमचं लेकरू आत्ता कुणाच्या कडेवर आहे? फोन करू नका. जाऊन बघून या.