नायिकेचा चेहरा

"हनुवटी अजून निमुळती कर," पायल म्हणाली.

आयुषने टॅबवरची रेघ पुसली. समोर बसलेल्या पायलची हनुवटी गोल होती आणि त्याला ती तशीच आवडायची. तरी त्याने ती म्हणाली तशी काढली.

"डोळे जरा खोल. आणि डाव्या भुवईवर जखम दाखव. ताजी, टाके घातलेली."

"जखम कशाला?"

"कुणी मला ओळखायला नको."

हे त्याला लगेच पटलं. गालांवर मुरुमांचे खड्डे असल्यामुळे तो स्वतःही कधी फोटोत उभा राहायचा नाही. इतकी देखणी मुलगीसुद्धा आपल्या चेहऱ्याला बिचकते, हे पाहून त्याला ती आणखी जवळची वाटली.

शहरातल्या अशोकस्तंभ चौकाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात आयुष डिझाइनचं काम करायचा. लोकांचे साखरपुडे, लोकांचे वाढदिवस. उरलेल्या वेळात तो मांगा काढायचा. जपानी धाटणीची चित्रकथा, मोबाइलवर वाचायची. त्यातला नायक त्याच्यासारखाच होता. केस कपाळावर ओढलेला, बोलताना मान खाली घालणारा, कुणीतरी आपलं म्हणावं म्हणून झुरणारा. नायिका मात्र प्रत्येक भागात पाठमोरी असायची. आपल्याकडे प्रेमाने बघणारा चेहरा कसा दिसतो हे आयुषला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी पायल दुकानात आली होती. "तुमची गोष्ट वाचते मी. तिला चेहरा का नाही?"

आयुषने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"माझा द्या," ती म्हणाली.

त्यानंतर ते सोमेश्वरला नदीकाठी भेटू लागले. ती फार बोलायची नाही. चित्र मात्र बारकाईने बघायची, पुन्हा पुन्हा दुरुस्त करायला लावायची. चेहरा पुरा झाला त्या दिवशी तिने टॅब मांडीवर घेतला आणि बराच वेळ काचेवरून बोट फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. आयुषला वाटलं, आपल्या चित्रासाठी पहिल्यांदाच कुणी रडलं.

नायिकेचा चेहरा दाखवणारा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि वाचक एकदम वाढले. सायखेडा, निफाड, त्या द्राक्षपट्ट्यातल्या गावांतले लोक एकमेकांना तो पाठवत होते. कशामुळे ते आयुषला कळेना. त्याने पायलला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वाचू दे."

त्याच आठवड्यात दुकानात एक माणूस आला. पांढरा शर्ट, बुटांना शेतातली माती. त्याने मोबाइल काउंटरवर ठेवला. पडद्यावर नायिका होती.

"ही तू काढली?"

"हो."

"फोटोवरून?"

"नाही," आयुष म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता. "समोर बसवून."

त्या माणसाने काउंटरची कड धरली. "कधी?"

"आत्ताच. या महिन्यात."

"खोटं बोलू नको. ही जखम तुला कुणी सांगितली?"

"तिनेच. तुम्ही कोण?"

"मी अमोल. ती माझी बायको हे." तो हळू आवाजात बोलत होता. "दिवाळीपासून घरात नाय. पळून गेली. कुठं भेटते तुला?"

एरवी कुणी आवाज चढवला तरी आयुष बाजूला व्हायचा. आज तो जागचा हलला नाही. "सांगणार नाही," तो म्हणाला.

अमोल मोबाइल न घेताच दारापर्यंत गेला आणि परत येऊन घेऊन गेला.

संध्याकाळी आयुषने पायलला गाठलं. "तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"मग तो अमोल?"

"आला होता?" ती चटकन वळली. "त्याचे हात थरथरत होते का?"

"पायल, तो तुला मारेल. त्याचे डोळे बघितलेत मी. आपण पोलिसांत जाऊ. मी असेन तुझ्याबरोबर."

"हात थरथरत होते का, ते सांग."

"हो."

ती शांत झाली. "पुढचा भाग आज काढ. ती घराच्या दारात उभी आहे आणि आत बघून बोलतेय. वाक्य मी देते." तिने सांगितलं आणि त्याने लिहिलं: तू मला जिथं ठेवून आलास, तिथून मी उठून आलेय.

"उठून बरोबर वाटत नाही," आयुष म्हणाला. "निघून करू?"

"उठूनच ठेव."

त्याने तो भाग टाकला. रात्रभर त्याला झोप लागली नाही. आपण तिला कुठल्या संकटात ढकलतोय हे कळत नव्हतं आणि तिला नाही म्हणणंही जमत नव्हतं.

सकाळी तिचा फोन आला. "सायखेड्याला ये. आई पण आहे इथं."

आई, हा शब्द ऐकून तो उठला. इस्त्रीचा शर्ट घातला, केस कपाळावरून मागे सारले. बसमध्ये तो पुटपुटत राहिला, काकूंना काय सांगायचं, पगार किती, घरी कोण कोण. गावात उतरून तिने सांगितलेल्या रस्त्याने द्राक्षबागेपर्यंत गेला.

बागेच्या टोकाला, शेततळ्याजवळ, माणसं जमली होती. पोलिसांची गाडी होती. अमोल बांधावर बसला होता, कोपरापर्यंत ओल्या मातीने माखलेला, शेजारी फावडं. पायलच्या सांगण्यावरून पोलिसांनी रात्रभर त्याच्यावर पाळत ठेवली होती आणि पहाटे तो इथे उकरताना सापडला, असं कुणीतरी सांगत होतं. एक बाई जमिनीवर बसून नुसती डोलत होती.

पायल पुढे आली. तिने आयुषचा हात धरला, आयुष्यात पहिल्यांदाच कुणा मुलीने धरला तो, आणि त्याला उकरलेल्या खड्ड्यापाशी नेलं.

"ही माझी पूजाताई," ती म्हणाली. "भुवईचे टाके तिने मला शेवटच्या व्हिडिओ कॉलवर दाखवले होते. तू काढत होतास ती ही."