तीन चुका

सासूबाईंची तीस वर्षांची झोपायची खोली सुनेने ऑफिसच्या नावाखाली बळकावली आणि दाराला आकड्यांचं कुलूप ठोकलं. त्याचा प्रोग्रामही तिनेच लिहिलेला. वर ठसक्यात म्हणाली, "तुम्हाला थोपवायला दोन आकडे पुरेत, आई. तीनदा चुकलात की दार दिवसभर बंद."

ती बाहेर गेल्यावर सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि शून्य-शून्यपासून एकेक जोडी दाबत सुटल्या. चाळीस चुका झाल्या तरी कुलूप आपलं 'पहिली चूक' एवढंच दाखवत होतं. अठ्ठेचाळीसला दार उघडलं.

सून परतली तेव्हा सासूबाई तिच्याच खुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या. तिने दातओठ खात लॅपटॉप उघडला.

"दर प्रयत्नाला कुलपाच्या प्रोग्रामचा तुकडा, वेबअसेम्बलीचं मॉड्यूल, नव्याने सुरू होत होतं. नवं मॉड्यूल म्हणजे कोरी मेमरी, मागची चूक त्याला ठाऊकच नाही. आता आकडे बदललेत आणि एकच मॉड्यूल चालू ठेवलंय. चुका लक्षात ठेवेल ते."

"माझ्याच, की सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. बोट कुणाचं, हे त्याला थोडंच कळतं?"

दुसऱ्या दिवशी नऊला सुनेची मोठी मीटिंग होती. पावणेनऊला ती दारापुढे रडकुंडीला आली. "आई, दार उघडत नाहीये. प्रोग्राम बदलायचा तर लॅपटॉपही आतच आहे."

"उघडेल की उद्या," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याआधी उठलीस तर."