बॅजची जागा

अणुभट्टीवर संशोधन करायची संधी तिला कशीबशी मिळाली होती, तीही तिचे मार्गदर्शक सर विभागप्रमुखांशी भांडले म्हणून. भट्टीजवळ जाताना कोटावर एक बॅज लावावा लागे. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते त्यावरून कळे, आणि मर्यादा ओलांडली की भट्टीवर प्रवेश बंद.

प्रयोग अर्धवट सोडून घरी तोंड दाखवायची तिची तयारी नव्हती. म्हणून ती बॅज गुपचूप सरांच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून जायची. सरांची केबिन भट्टीपासून दूर, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. ड्रॉवरमध्ये त्यांची पदकं, जुने फोटो आणि भट्टीवरच्या पहिल्या प्रयोगाची आठवण म्हणून जपलेला धातूचा एक तुकडा. त्याहून सुरक्षित जागा कुठली असणार?

आज बॅजचा रिपोर्ट आला आणि सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मर्यादेच्या कितीतरी पट! अगं, काय करून बसलीस हे?" सरांचा आवाज कापत होता. "आजपासून भट्टीकडे फिरकायचं नाही. तुझ्या आईवडिलांना मी काय सांगू?"

बॅज तर भट्टीजवळ एकदाही गेला नव्हता. पण हे सांगायचं म्हणजे विद्यापीठातूनच हकालपट्टी. "चुकलं, सर," एवढंच ती म्हणाली.



सर घाम पुसत आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले, आणि त्यांचा गुडघा सवयीनं त्या ड्रॉवरला टेकला.