फक्त लाल दिवा

"लाल दिवा लाव. टेप चढवू नको," ढुंढिराज म्हणाला.

रत्नाकरने मशीनवरून मान वर केली. काशीत ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत हा स्टुडिओ सुरू झाला तेव्हापासून रेकॉर्डिंग तोच करायचा. असं काही त्याने आजवर ऐकलं नव्हतं.

"मतलब? गाणं घ्यायचंच नाही?"

"नाही."

"और इंदूताई?"

"त्यांना गाऊ दे."

काचेपलीकडे इंदूताई माइकसमोर उभ्या राहून पदर सारखा करत होत्या.

हे गाणं विद्युल्लता ही नवी गायिका गाणार, हे ठरून गेलं होतं. ठरवलं होतं ढुंढिराजनेच. कंपनी त्याची, कॅसेटवर निर्माता म्हणून नाव त्याचं. इंदूताईंची मागची कॅसेट दुकानदारांनी गठ्ठ्यानं परत पाठवली होती. बाईंचा आवाज आता फाटतो, म्हणत होते सगळे, आणि ते खरं होतं. तेवढंच सांगायला त्याने त्यांना आज बोलावलं होतं. पण जिना चढून आल्या आल्या, चपला काढतानाच त्या म्हणाल्या, "घसा आज मोकळा आहे रे ढुंढी, लवकर घेऊन टाकू," आणि ते सांगणं राहूनच गेलं.

तो आत जाऊन ड्रमवर बसला. मुंबईत ऐन उमेदीची वर्षं त्याने अशीच घालवली होती. गाणं कुणाचं, सिनेमा कुठला, काही विचारायचं नाही. वाजवायचं आणि पुढचा स्टुडिओ गाठायचा. त्याचं नाव कुठे छापलं गेलं नाही, त्यालाही कधी वाटलं नाही की छापावं. काशीला परतून स्वतःची कंपनी काढली तेव्हा पहिली कॅसेट इंदूताईंची केली. ती लग्नांच्या मांडवांत, पानाच्या ठेल्यांवर, नावाड्यांच्या होड्यांत वाजत राहिली, आणि तिच्या जोरावर हा स्टुडिओ उभा राहिला. मागे ड्रम त्याचाच.

लाल दिवा लागला. त्याने काठीवर काठी आपटून ताल दिला.

भोजपुरी गाणं होतं, सासरी निघालेल्या मुलीचं. घरात मराठी बोलणाऱ्या इंदूताई ते असं म्हणायच्या की बिहारातल्या बायकाही माना डोलवत. ध्रुवपद नीट गेलं. वरच्या सुराला आवाज चिरकला. पुढच्या ओळीत पुन्हा चिरकला. ढुंढिराजला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल, हात अडखळेल. काही झालं नाही. हात चालत राहिले. जेवताना घास तोंडाकडे जावा तसे.

अंतऱ्याच्या मधोमध खालून प्रेतयात्रा गेली. गल्ली चिंचोळी; 'राम नाम सत्य है' थेट भिंतीतून आत आलं. एरवी अशा वेळी रत्नाकर हात वर करायचा, सगळे थांबायचे, मंडळी मणिकर्णिकेकडे वळली की पुन्हा पहिल्यापासून. आज त्याने हात वर केला नाही. इंदूताईंनी एकदा काचेकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

"छान झालं," ढुंढिराज म्हणाला.

तो त्यांना सोडायला खाली गेला. गल्लीत कुणीतरी नुकतंच पाणी शिंपडलं होतं. इंदूताई दारात थांबल्या.

"आज टेप नव्हती ना रे?"

त्याने मान हलवली.

"खालून प्रेत गेलं तरी रत्नाकरने थांबवलं नाही. बघितलं, तर मशीनवरची टेपची चक्रं जागच्या जागी."

"मग तुम्ही गात का राहिलात?"

"तू वाजवत होतास ना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. भिंतीला हात लावत, एकेक पायरी बघत त्या गल्ली चढून गेल्या. काहीतरी बोलायला हवं, हाक मारायला हवी, हे त्याला कळत होतं. त्या वळणाआड गेल्या तरी तो नुसता उभाच होता.

वर आला तेव्हा रत्नाकर तारा गुंडाळत होता.

"विद्युल्लताला कल सुबह बोलवू?"

"बोलव."

"मग ड्रमचे माइक असेच राहू देतो."

"ड्रम नको. रिदम मशीन लाव."

"मशीन?" रत्नाकर हसला. "आणि तुम्ही काय करणार, दादा?"

तारा खाली ठेवून रत्नाकरने काचेतून आत पाहिलं. ढुंढिराज खाली बसून ड्रमचे स्क्रू एकेक करून सैल करत होता.