निरोपाचा शब्द

अजून नाव न ठरलेल्या सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं. मुलगी वडिलांचं घर कायमचं सोडते, असा प्रसंग होता. पानभर संवाद बोलताना नायिकेची दमछाक होत होती. "हा प्रसंगच उडवतो!" दिग्दर्शक कडाडला. पण तेवढ्यात संवादलेखिकेला काहीतरी सुचलं आणि धावत जाऊन तिनं नायिकेच्या कानात एकच शब्द सांगितला.

कॅमेरा सुरू झाला. नायिका बॅग उचलून दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "जाते."

वडील झालेल्या नटानं पाठ फिरवून गप्प बसायचं ठरलं होतं. तो ताडकन उठला. "जाते नाही म्हणायचं, पोरी! येते म्हण... येते म्हण गं!"

हे तर कुणी लिहिलंच नव्हतं. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला आणि भानावर येताच लेखिकेकडे बघून ओरडला, "अगं, सिनेमाचं नाव सापडलं! 'येते म्हण'!"